ज्वाळेवाचूनची शेगडी आणि तिचे रुसवे

स्वयंपाकघरातील अग्नीचे काय बिनसले आहे, हे आपल्या आजीला आणि आईला डोळ्यांनी कळत असे. सरपण ओले असले की चूल धुमसत असे; फुंकणी घेतली, राख मागे ओढली, लाकूड थोडे पुढे सारले की काम भागे. कोळशाच्या शेगडीची जाळी राखेने बुजली की निखारे काळवंडत. पुढे स्टोव्ह आला. १८९२ साली स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट याने हवेच्या दाबावर जळणारा बिनवातीचा स्टोव्ह तयार केला आणि 'प्रायमस' या नावाने तो आपल्याकडेही घरोघर पोचला. त्याचाही रोग वरवर दिसणारा असे. ज्योत पिवळी पडून काजळी धरू लागली की पिन मारायची; पंप हलका जाऊ लागला की चामड्याचा वॉशर तेलात भिजवून फुलवायचा. दहा वर्षांच्या मुलालाही हे वैद्यक येत असे.

आताची इंडक्शन शेगडी या कुळातली नव्हे. तिच्यात ज्वाळा नाही, निखारा नाही आणि तापून लाल होणारी तारही नाही. वर गुळगुळीत काळी काच, खाली एक पंखा आणि समोर चार बटणे. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने सवलतीच्या दराचे गॅस सिलिंडर वर्षाला सहावर आणले. जानेवारी २०१३ मध्ये ही मर्यादा नऊवर आणि जानेवारी २०१४ मध्ये बारावर गेली. मधल्या ओढाताणीच्या काळात गॅसच्या जोडीला विजेची शेगडी असावी, असे अनेक घरांना वाटू लागले आणि ही काळी काच आपल्या ओट्यावर स्थिरावली. शिकावयास दूर गेलेली मुले आणि मागे एकटी राहिलेली वृद्ध माणसे यांना तर तिचा मोठाच आधार वाटतो. गॅस उघडा राहण्याची भीती नाही, काडी पेटविणे नाही.

परंतु एखाद्या सकाळी ती नुसतीच टुक्‌टुक् आवाज करते, तांबडे आकडे लुकलुकतात आणि दूध थंडच्या थंड राहते. मग घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष तिच्यावर चापट मारून पाहतो, दुसरा ती भंगारात द्यावयास निघतो. क्वचित एखादा हिकमती तरुण पेचकस घेऊन तिचे पोट उघडतो, आणि या तिघांत खरा धोका त्याच्याच वाट्याला येतो. चुलीसमोर फुंकणी घेऊन बसणारी बाई अडाणी असली तरी निदान अचूक करीत होती. आपण शिकलेली माणसे मात्र या काचेसमोर हताश होतो. याचे कारण असे की, या शेगडीतला बिघाड डोळ्यांना दिसत नाही. तो विचाराने शोधावा लागतो, आणि त्या विचारासाठी तिची वंशावळ ठाऊक असावी लागते. ही वंशावळ मोठी चमत्कारिक आहे. कारण ही शेगडी, खरे पाहता, एका दोषातून जन्मली आहे.

मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता बांधावयास आलेली पुस्तके वाचून तो शास्त्राकडे वळला. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने मऊ लोखंडाचे सहा इंच व्यासाचे एक कडे घेतले. त्याच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे दिले आणि दुसऱ्या बाजूला तसेच, परंतु निराळे वेढे दिले. पहिल्या तारेत विद्युत्‌घटाचा प्रवाह सोडताच दुसऱ्या तारेजवळची चुंबकसूची हलली आणि पुन्हा जागेवर आली. प्रवाह चालू होता तोवर ती स्वस्थ राहिली. तो तोडताच उलट दिशेने पुन्हा हलली. दोन तारांचा एकमेकींना स्पर्श नव्हता. स्थिर प्रवाहाने काही घडत नाही, बदलत्या प्रवाहाने घडते, हे त्या सूचीने सांगितले. यालाच आपण विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तन म्हणतो. 'इंडक्शन' हा शब्द तोच. आपल्या शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे चपटे, जिलबीसारखे वेटोळे असते. ते फॅरडेच्या कड्यावरील पहिले वेढे होत. दुसरे वेढे कोठे आहेत? तर वर ठेवलेले पातेले, तेच दुसरे वेढे.

पुढची पायरी पॅरिसची. टांगत्या लंबकाने पृथ्वीचे भ्रमण दाखविणारा लेआँ फूको आपल्याला शाळेच्या पुस्तकातून परिचित आहे. त्याने १८५५ साली तांब्याची एक तबकडी प्रबळ विद्युत्‌चुंबकाच्या दोन टोकांमध्ये फिरविली. चुंबक जागृत होताच तबकडी फिरविणे जड जाऊ लागले, आणि नेटाने फिरवीत राहिल्यास ती तापू लागली. धातूच्या भरीव तुकड्यात नदीतल्या भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि ते धातूला तापवितात, हे यातून कळले. फ्रेंच लोक आजही या भोवरा प्रवाहांना फूकोचे प्रवाह म्हणतात.

पण या शोधाने आनंद कोणाला झाला? इंजिनियरांना तर नाहीच. जनित्रे आणि रोहित्रे बांधणाऱ्यांच्या दृष्टीने ही उष्णता म्हणजे शुद्ध चोरी होती. कोळसा जाळून वीज निर्माण करावी आणि तिचा काही हिस्सा लोखंडी गाभा तापविण्यात फुकट जावा! म्हणून त्यांनी भरीव गाभा टाकून देऊन पातळ पत्र्यांची चळत वापरण्यास आरंभ केला. प्रत्येक पत्र्यावर निरोधक लेप, जेणेकरून भोवऱ्याला फिरावयास जागाच मिळू नये. आपल्या गल्लीतील रोहित्राच्या पोटात आजही अशाच पत्र्यांची चळत असते. एका बाजूला हा दोष घालविण्याची खटपट चालू असता दुसऱ्या बाजूला काही माणसांच्या मनात आले की, धातू तापविणे हेच जर आपले काम असेल तर हा दोष कसला? विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्वीडनमध्ये शेल्लिन याने याच तत्त्वावर पोलाद वितळविणारी भट्टी चालविली. रोहित्राचा दोष तो भट्टीचा गुण ठरला.

आता शेगडीच्या पहिल्या आणि सर्वांत सामान्य रुसव्याकडे वळू. शेगडी लागते, बटणे दाबली जातात, परंतु दोन-चार सेकंदांत लुकलुकून ती थांबते. शंभरातले बरेचसे 'बिघाड' हे असे असतात आणि त्यांत शेगडी बिघडलेली नसतेच. तिला पातेले पसंत नसते. ती पसंती ठरविते कशी, हे कळले की राग जातो. घंटेवर टोला दिला की ती बराच वेळ घुमत राहते. तिच्यावर हात ठेवला तर नाद लगेच विरतो. शेगडीसुद्धा आपल्या वेटोळ्यात एक लहानसा विद्युत्‌झटका देऊन तो किती वेळ घुमतो ते पाहते. वर लोखंडी भांडे असेल तर झटक्यातील शक्ती ते शोषून घेते आणि नाद चटकन विरतो. काच मोकळी असेल किंवा भांडे चुकीचे असेल तर नाद घुमत राहतो, आणि 'वर भांडे नाही' असा निवाडा ती देते.

येथे एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारतो की, फूकोची तबकडी तर तांब्याची होती. मग आजीचे तांब्याचे पातेले का चालू नये? प्रश्न रास्त आहे. तांब्यात प्रवाह उठतो, नाही असे नाही; पण तो अडत नाही, आणि उष्णता निर्माण होते ती प्रवाह अडल्याने. काचेखालचे वेटोळेही तांब्याचेच आहे. तेव्हा तांब्याचे भांडे तापविण्याच्या भरात भांड्याबरोबर ते वेटोळेही तापून जाईल. लोखंडाची गोष्ट निराळी. या शेगडीत प्रवाहाची दिशा सेकंदाला वीस ते चाळीस हजार वेळा उलटसुलट होते. इतक्या घाईचा प्रवाह धातूत खोलवर शिरत नाही, पृष्ठभागालाच बिलगून राहतो. तांब्यात ही खोली मिलिमीटरच्या चार दशांशाच्या घरात येते. लोखंड चुंबकीय असल्यामुळे त्यात ती एक दशांशाहूनही कमी होते. एवढ्या अरुंद गल्लीत कोंडलेला प्रवाह अडतो, घासतो, आणि तव्याचा तळ भराभर तापतो.

म्हणूनच पणजीपासून ग्वाल्हेरपर्यंत आपल्या घरांच्या माळ्यावर जपून ठेवलेली कल्हईची पितळी पातेली, तांब्याची तपेली, ॲल्युमिनियमची टोपे आणि मातीची मडकी या शेगडीपुढे निरुपयोगी ठरतात. उलट बीडाचा जुना तवा, ज्याला नव्या सुनेने नाक मुरडले असेल, तो येथे मानाने मिरवितो. स्टीलच्या भांड्यांची गंमत आणखी निराळी. सारे स्टील दिसते सारखेच. परंतु ज्यात निकेल बरेच मिसळलेले असते ते बहुधा चुंबकाला दाद देत नाही, आणि ज्यात केवळ क्रोमियम असते ते देते. कालचे पातेले चालले आणि आजचे तितकेच चकचकीत पातेले चालत नाही, याचा उलगडा येथे होतो. परीक्षा सोपी आहे. घरातला लहानसा लोहचुंबक भांड्याच्या तळाला लावावा. घट्ट चिकटला तर भांडे योग्य. नुसता सरकत राहिला तर बाजूला ठेवावे. मात्र चुंबक तळाला लावावा, काठाला नव्हे. कारण पुष्कळ भांड्यांच्या तळाशीच चुंबकीय पत्रा दाबून बसविलेला असतो. चुंबक चिकटूनही शेगडी नकार देत असेल तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. भांड्याचा तळ फार लहान आहे काय (साधारण बारा सेंटिमीटरांहून लहान तळ बऱ्याच शेगड्या ओळखत नाहीत), आणि तो मध्ये फुगून काचेपासून उचलला गेला आहे काय. वर्षानुवर्षे गॅसवर तापलेल्या कुकरचा तळ हमखास असा फुगतो. दोन भांडी पालटून पाहिल्याखेरीज शेगडीला दोष देऊ नये. मंद आचेवर ती काही सेकंद चालू, काही सेकंद बंद होत राहते, हाही रोग नव्हे. आच कमी करण्याची तिची रीतच ती आहे.

फॅरडेच्या कड्यापासून आपल्या ओट्यापर्यंत येण्यास मात्र या कल्पनेला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागाने एक नवलाई दाखविली. शेगडी आणि भांडे यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवून त्यांनी भांड्यातले पाणी उकळून दाखविले. कागद जळला नाही. लोकांनी कौतुक केले, परंतु ती शेगडी बाजारात आली नाही. पुढे वेस्टिंगहाउस कंपनीने १९७१ साली ह्यूस्टन येथील गृहनिर्मात्यांच्या संमेलनात आपली शेगडी मांडली आणि १९७३ पासून ती विकावयास काढली. भांड्यांच्या संचासह किंमत १,५०० डॉलर! कंपनीने १९७५ च्या सुमारास घरगुती उपकरणांचा व्यवसायच विकून टाकला आणि तो प्रयत्न तेथेच थांबला.

अडचण तत्त्वाची नव्हती, बटणाची होती. सेकंदाला पंचवीस हजार वेळा, आठ-दहा अँपियर आणि शेकडो व्होल्ट झेलून, न थकता उघडझाप करणारे बटण स्वस्तात कोठून आणावयाचे? हा प्रश्न पुढे ज्या अर्धवाहक पुर्जाने सोडविला त्याला आयजीबीटी म्हणतात, आणि त्याच्या निर्मात्यांत अग्रणी नाव आहे ते बंट्वाळ जयंत बालिगा यांचे. जन्म १९४८ साली मद्रासला, शिक्षण मद्रासच्या आयआयटीत आणि नंतर अमेरिकेत. १९८० च्या आसपास जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत त्यांनी हे काम केले, आणि २०२४ साली फिनलंडचा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार त्यांना मिळाला. नखाहून थोडासाच मोठा हा काळा तुकडा आज आगगाडीच्या इंजिनात आहे आणि आपल्या ओट्यावरही आहे. आपल्यापैकी फारच थोड्यांना हे नाव ठाऊक असावे, याचे मला वाईट वाटते.

हा पुर्जा मोठा कामसू, परंतु उष्णतेपुढे हळवा. म्हणून त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमचे कंगोरे असतात आणि शेजारी पंखा असतो. दुसऱ्या प्रकारचा रुसवा येथून सुरू होतो. शेगडी नीट चालते, पण पाच-दहा मिनिटांत आपोआप बंद पडते; थोडा वेळ गेल्यावर पुन्हा चालते. असे झाले की प्रथम तिच्या बुडाकडे पाहावे. ती मऊ कापडावर किंवा मेणकापडावर ठेवलेली असेल, तर खालून हवा घेण्याची वाट बंद झालेली असते. भिंतीला टेकवून ठेवली असेल तर मागची वाट बंद होते. फोडणीचे तेल, कणकेची भुकटी आणि झुरळे यांचा पंख्याच्या जाळीत कसा खच पडतो, हे दुरुस्ती करणाराला विचारावे. शेगडी बंद करून, प्लग काढून आणि ती पूर्ण थंड झाल्यावर कोरड्या कुंचल्याने बाहेरूनच ती जाळी झाडावी. पाणी किंवा ओले फडके तेथे नेऊ नये. पंख्याचा आवाजच येत नसेल, किंवा तो खरखरत असेल, तर शेगडी त्या दिवसापासून वापरू नये. पंखा स्वस्त आहे, आयजीबीटी जळल्यावर खर्च वाढतो. काम संपल्यावर पंखा मिनिट-दोन मिनिटे फिरत राहतो, तो फिरू द्यावा. बटण बंद होताच भिंतीवरचा स्विच खाडकन बंद करण्याची जी शिस्त आपण गॅसवर शिकलो, ती येथे अपायकारक आहे.

काचेच्या मध्याखाली उष्णता मोजणारा एक मण्याएवढा पुर्जा टेकलेला असतो. रिकामे भांडे तापत ठेवले तर तोच शेगडीला थांबवितो. तो जागेवरून सरकला किंवा निकामी झाला तर पडद्यावर खुणेचा आकडा येतो. या आकड्यांविषयी एक सूचना. प्रत्येक कारखान्याची सांकेतिक भाषा निराळी. शेजारच्या शेगडीत ज्या आकड्याचा अर्थ 'भांडे नाही' असा आहे, त्याच आकड्याचा अर्थ आपल्या शेगडीत 'विजेचा दाब उतरला' असा असू शकतो. बरोबर आलेली पुस्तिका म्हणूनच डब्यासकट फेकू नये.

विजेचा विषय निघाला म्हणून सांगतो. दोन हजार वॅटची शेगडी २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपियरच्या आसपास प्रवाह ओढते. दिव्याच्या, पंख्याच्या लहान सॉकेटचा वकूब पाच-सहा अँपियरचा. तिला जाड पिनांचे, सोळा अँपियरचे सॉकेटच लागते, आणि बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर ती कधीही लावू नये. शेगडी अजिबात लागत नसेल तर त्याच सॉकेटवर इस्त्री लावून पाहावी. इस्त्रीही तापत नसेल तर दोष भिंतीत आहे. प्लगच्या पिना काळवंडल्या असतील, प्लॅस्टिक वितळल्याचा वास येत असेल, तर वायरमनला बोलवावे. ज्या गावी संध्याकाळी विजेचा दाब उतरतो तेथे शेगडी संध्याकाळीच रुसते आणि दुपारी निमूट चालते. हे वेळापत्रक लक्षात आले की अर्धे निदान झाले.

येथवरची तपासणी घरातील कोणीही करावी. यापुढे मात्र हात आवरता घ्यावा. इस्त्री चालते, भांडे योग्य आहे, आणि शेगडी मृतवत् आहे, असे झाले तर बहुधा आतला फ्यूज उडालेला असतो. फ्यूज आपण होऊन क्वचितच उडतो. आयजीबीटी किंवा त्याच्या अलीकडचा, आलटता प्रवाह एकदिश करणारा पुर्जा आतून जोडला गेलेला असतो, म्हणून तो उडतो. नुसता फ्यूज बदलला तर नवाही उडणार. जाणता कारागीर शेगडी थेट सॉकेटला न लावता मध्ये एक मोठा जुना बल्ब जोडतो. बल्ब प्रखर पेटला तर आत कोठेतरी आडवाट झालेली आहे हे त्याला कळते आणि नवा पुर्जा वाचतो. हे त्याचे शास्त्र. ते त्यालाच करू द्यावे. या शेगडीचे आतले मंडळ घरातील विजेपासून अलग केलेले नसते. २३० व्होल्टचा दाब आत एकदिश झाला की शिखराला सव्वातीनशे व्होल्टांवर जातो, वेटोळ्याजवळ तर चालू असताना तो हजाराच्या घरात चढतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ साठा शिल्लक राहतो. स्टोव्हला पिन मारणारा मुलगा फार तर बोट पोळून घेई.

काचेला तडा गेला असेल तर, तडा केसाएवढा असला तरी, शेगडी त्याच क्षणी बंद करावी. उतू गेलेले दूध त्या तड्यातून थेट विजेच्या अंगावर पोचते. चिकटपट्टी, डिंक किंवा वर पातळ पत्रा ठेवणे असले उपाय करू नयेत. नवी काच बसवून घ्यावी. वस्तुतः ही काच सहसा तडकत नाही. १९५३ साली अमेरिकेत कॉर्निंगच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड स्टूकी हा शास्त्रज्ञ काचेचा एक तुकडा सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवीत होता. भट्टीचा नियंत्रक बिघडला आणि उष्णता ९०० अंशांवर गेली. काच वितळून भट्टीचा सत्यानाश झाला असेल, अशा समजुतीने त्याने दार उघडले. आत दुधाळ रंगाची अभंग पट्टी होती. चिमट्यातून ती निसटून जमिनीवर पडली आणि धातूसारखी खणखणली, पण फुटली नाही. त्या दिवशी भट्टी बिघडली नसती, तर ओट्यावरची काळी काच ज्या जातीची आहे ती जात कदाचित पुष्कळ उशिरा जन्मली असती.